दया आणि गणित

शुश्रूषेच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते. रात्रीची वेळ, इस्पितळाचे लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना जखमी सैनिकांच्या खाटा, आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक इंग्रज बाई. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. ते खोटे नाही. परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात त्याप्रमाणे, या दिव्याच्या कीर्तीखाली बाईंचे अधिक मोठे काम झाकून गेले. ते काम दिव्याचे नव्हते, वहीचे होते. आजाऱ्याविषयी कळवळा वाटणे येथे शुश्रूषेचा आरंभ होतो. पण आपल्या कळवळ्याने त्याचे बरे झाले की वाईट, हे मोजून पाहिल्यावाचून ती पुरी होत नाही. हे मोजणे शुश्रूषेत कसे शिरले, त्याला किती अवघड वाटा तुडवाव्या लागल्या आणि त्यापायी कोणाचे जीव वाचले, एवढीच हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान ही राष्ट्रे क्रिमियात रशियाशी लढत होती. इंग्रजांचे आजारी व जखमी सैनिक गलबतांत भरून, काळा समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपल शहरासमोरच्या आशियाई काठावर स्कुटारी येथे आणले जात. आज त्या ठिकाणाला उस्कुदार म्हणतात व ते इस्तंबूल शहराचाच भाग आहे. तेथील तुर्की फौजेची एक प्रचंड बराक इस्पितळ म्हणून वापरात घेतली होती. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई ३८ परिचारिका घेऊन तेथे उतरल्या. त्यांचे वय त्या वेळी ३४ वर्षांचे होते. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. स्वच्छ कपडे, साबण, गरम अन्न, वेळेवर पथ्य, धुण्याची सोय, घरी पत्रे पाठविण्याची व्यवस्था, सर्व काही त्यांनी उभे केले. एखाद्या घरातल्या कर्त्या बाईने करावे तसे त्या हजारो माणसांचे केले.

आणि तरीही माणसे मरतच राहिली. मरतच राहिली एवढेच नव्हे, तर मृत्यूंचे प्रमाण वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळातील रुग्णांपैकी शेकडा सुमारे ४२ दगावले. एवढी सेवा, एवढी निष्ठा, एवढी जागरणे, आणि त्याचे फळ हे!

मार्च १८५५ च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडहून एक आरोग्य आयोग स्कुटारीस येऊन दाखल झाला. त्यात सदरलंड हे डॉक्टर होते, रॉलिन्सन हे स्थापत्यविशारद होते. त्यांनी औषधांच्या बाटल्या पाहण्याआधी जमीन पाहिली. सारी इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. तिथली घाण वायूच्या रूपाने दालनांत येत होती. पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर कुजत पडले होते. आयोगाने गटारे वाहती केली, घाण गाड्या भरभरून बाहेर काढली, भिंतींना चुना मारला, हवा खेळण्यासाठी वाटा पाडल्या. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले.

आज आपण हे आकडे सहज बोलून जातो. त्या वेळी मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हते, कारण हिशेबच धड नव्हता. मेलेल्यांची नोंद तीन निरनिराळ्या दप्तरांत होत असे आणि त्या तिन्हींचा परस्परांशी मेळ बसत नसे. वाण्याच्या दुकानात तीन खतावण्यांत तीन बाक्या निघाल्या तर आपण मुनिमास जाब विचारू. येथे माणसांच्या जिवाचा हिशेब चुकत होता आणि कोणी कोणास विचारीत नव्हते. बाईंच्या ध्यानात पहिली गोष्ट आली ती ही.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. लोक त्यांच्या मिरवणुकीची तयारी करीत होते, पण त्या गाजावाजा टाळून गुपचूप घरी गेल्या आणि आकड्यांच्या मागे लागल्या. इंग्लंडात जन्ममृत्यूंच्या नोंदणीचे जे सरकारी खाते होते, त्यातील विल्यम फार हे गृहस्थ संख्याशास्त्रात त्या काळी अग्रगण्य समजले जात. त्यांच्या साहाय्याने बाईंनी लष्कराची कागदपत्रे तपासली. युद्धात इंग्रजांची सोळा हजारांहून अधिक माणसे रोगाने मेली होती. लढाईत व जखमांनी मेलेल्यांची संख्या याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. म्हणजे सैनिकांचा खरा शत्रू तोफेमागे उभा नव्हता, तो त्यांच्याच गटारात बसला होता.

येथे बाईंच्या मनाची कसोटी लागली. स्कुटारीत असताना त्यांचा समज असा होता की, सैनिक मरतात ते उपासमार, थंडी आणि अतिश्रम यांनी खंगून, फार उशिरा आपल्याकडे येतात म्हणून. आता आकडे सांगू लागले की, खुद्द इस्पितळाची हवा आणि जमीन हेच मृत्यूचे मोठे कारण होते. ज्या घराची त्यांनी जिवापाड सेवा केली, तेच घर माणसे मारीत होते. ह्यू स्मॉल या चरित्रकाराने १९९८ साली असे मत मांडले की, या जाणिवेच्या धक्क्यानेच १८५७ साली बाईंची प्रकृती ढासळली. सर्व इतिहासकारांना हे मान्य नाही आणि आपणही त्यावर पैज लावू नये. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. बाईंनी स्कुटारीचे आकडे दडविले नाहीत. १८५८ साली त्यांनी आपल्या मोठ्या अहवालात ते स्वतःच छापले.

छापले तेही अशा रीतीने की मंत्र्यांना त्यावरून नजर फिरवून पुढे जाता येऊ नये. आकड्यांचे लेखन जितके कोरडे तितके चांगले, असे फारसाहेबांचे मत. बाईंनी जाणले की कोरडे तक्ते कोणी वाचीत नाही. त्यांनी वर्तुळाकार आकृती काढली. वर्षाचे बारा महिने म्हणजे तिच्या बारा पाकळ्या. ज्या महिन्यात मृत्यू अधिक, त्या महिन्याची पाकळी क्षेत्रफळाने तेवढी मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. पाहणाऱ्याला वाचता न आले तरी निळा रंग बाकी सर्वांना गिळून बसला आहे एवढे दिसावे. १८५८ सालीच लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. त्या मंडळातील त्या पहिल्या स्त्री सभासद होत.

तथापि येथे थोडे थांबून एक शंका विचारली पाहिजे, कारण शास्त्राचा मार्ग शंकेतून जातो. गटारे साफ केली आणि मृत्यू कमी झाले हे खरे. पण गटारे साफ केली म्हणूनच कमी झाले कशावरून? मार्चनंतर हिवाळा संपला होता. रणभूमीवरील अन्नवस्त्राची व्यवस्था सुधारत होती. मग श्रेय आयोगाचे की वसंत ऋतूचे? उपास सोडला आणि पाऊस पडला, म्हणून उपासाने पाऊस आणला असे ठरत नाही. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती एवढ्याच तुलनेत ही पंगुता नेहमी राहते. एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सारख्याच माणसांच्या दोन तुकड्या घ्याव्या. एका गोष्टीखेरीज दोहोंचे बाकी सर्व सारखे असावे. आणि मग फरक पाहावा. तो फरक त्या एका गोष्टीचा, असे धिटाईने म्हणता येते.

असा योग व्हिएन्ना शहरात आपोआप जुळून आला होता. तेथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणती बाई कोणत्या विभागात जाणार हे तिच्या येण्याच्या वारावर ठरे. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात सूतिकाज्वराने शेकडा सुमारे १० बाळंतिणी मेल्या. दुसऱ्यात शेकडा ४ सुद्धा नाहीत. गावातल्या बायकांना हे शास्त्रज्ञांच्या आधी कळले होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या पाया पडत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टराने शोधून काढले की विद्यार्थी प्रेते फाडून त्याच हातांनी प्रसूतिगृहात येतात. सुइणी प्रेतांना शिवत नाहीत. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले प्रमाण जूनमध्ये २ च्या आसपास आले. पुरावा एवढा स्वच्छ असूनही बड्या प्राध्यापकांनी तो मानला नाही. आपल्याच हातांनी मृत्यू नेला, हे कबूल करणे कोणत्या थोर माणसाला सोपे जाईल? झेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

हाच प्रसंग नाइटिंगेलबाईंवरही आला, आणि त्या कशा वागल्या हे पाहण्यासारखे आहे. लोकांनी त्यांच्या नावे मोठा निधी जमविला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली, आणि त्यानंतर लवकरच किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींना शिक्षण देण्यासाठी बाळंतिणींचा कक्ष उघडला. कक्षाची व्यवस्था उत्तम होती. पण सूतिकाज्वराने तेथे ठाण मांडले. हजार बाळंतपणांमागे सुमारे ३३ मृत्यू! १८६७ साली तो कक्ष बंद करण्यात आला. दुसरा कोणी असता तर दैवाला बोल लावून गप्प बसला असता. बाईंनी मात्र ठिकठिकाणचे आकडे जमविले आणि १८७१ साली त्यावर पुस्तक लिहिले. प्रसूतीच्या नोंदी किती अपुऱ्या व बेभरवशाच्या आहेत, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. मग दाखविले की युरोपातील प्रसूतिगृहांत हजारी सुमारे ३४ बाया मरतात, तर घरी, गरिबीतसुद्धा, सुमारे ५. ज्या संस्था परोपकारासाठी निघाल्या त्यांत माता अधिक मरत होत्या, आणि त्या संस्थांत बाईंची स्वतःची संस्थाही होती. पुस्तक त्यांनी सॉक्रेटिसाच्या आईच्या स्मृतीस अर्पण केले, कारण ती सुईण होती.

दयेला गणिताची जोड का लागते, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे. दया आंधळी असते असे मी म्हणणार नाही. पण ती आपल्या डोळ्यांसमोरचा रुग्ण पाहते. काल गेलेला, परवा गेलेला, शेजारच्या इस्पितळात न गेलेला, असे सर्व रुग्ण एकत्र पाहण्याची शक्ती केवळ नोंदवहीत असते.

मात्र नोंदवह्या सारख्या असल्या पाहिजेत. एका इस्पितळाने ज्याला ताप म्हटले त्याला दुसऱ्याने अशक्तपणा म्हटले तर तुलना कशाची करावयाची? म्हणून बाईंनी सर्व इस्पितळांसाठी एकाच नमुन्याचे तक्ते तयार केले, आणि १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे ते ठेवले गेले. हाच उपाय त्यांनी आपल्या देशाच्या बाबतीतही योजला. १८५९ साली हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. त्यासाठी ठिकठिकाणच्या छावण्यांना छापील प्रश्नावली पाठविण्यात आल्या: पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, बराकीत माणसामागे जागा किती, आजारी किती, मेले किती. उत्तरांचे ढीग लंडनला बाईंच्या घरी आले व त्यांनी ते पिंजून काढले. १८६३ च्या अहवालात दिसले की येथील गोऱ्या फौजेत दर साल हजारी ६९ माणसे मरत होती, आणि तीही बहुतेक रोगाने. दहा वर्षांनी, १८७३ साली, बाईंनी नवा हिशेब मांडला तेव्हा ते प्रमाण १८ वर आले होते. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. परंतु फौजेचे आरोग्य भोवतालच्या खेड्यांपासून तोडता येत नाही, हे आकड्यांनीच त्यांना शिकविले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांच्या स्वच्छतेकडे वळले व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

१९१० साली बाई वारल्या. त्यांचा दिवा शुश्रूषेच्या शाळांनी जपला, वही मात्र बराच काळ बाजूला पडली. परिचारिकेने सांगितले तसे करावे, का ते विचारू नये, अशी शिस्त रूढ झाली. ‘आमच्या वरिष्ठ सिस्टर असेच करीत’ एवढे प्रमाण पुरेसे मानले गेले. ही परंपरा मोडण्यास अर्धे शतक लागले. अमेरिकेत १९५२ साली केवळ शुश्रूषेच्या संशोधनाला वाहिलेले नियतकालिक निघाले. आणि १९६२ साली लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह एक लहानसे दिसणारे, पण फार मोलाचे संशोधन प्रसिद्ध केले.

प्रश्न घरोघरी ठाऊक असलेला आहे. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. पूर्वापार उपाय म्हणजे स्पिरिट चोळणे, पावडर लावणे, निरनिराळी मलमे. नॉर्टनबाईंनी वृद्ध रुग्णांवर लक्ष ठेवून रोजच्या रोज नोंदी केल्या. ज्यांना आरंभी जखम नव्हती अशा सुमारे अडीचशे रुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांना ती झाली, आणि तीही बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत. कातडीला काय चोळले याने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो रुग्णाला वेळोवेळी कुशीवर वळवून दाब हलविल्याने. धोका आधीच ओळखता यावा म्हणून त्यांनी एक सोपे मोजमाप दिले: शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, या पाच बाबींना १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली की सावध व्हावे. कोठलेही यंत्र नाही, खर्च नाही. एक कागद आणि सरावलेली नजर.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण पुरावा म्हणजे वेदवाक्य नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलावी हा नियम सर्वत्र रूढ झाला. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांत, चांगल्या जाड फोमच्या गाद्यांवरील नऊशेंहून अधिक वृद्धांवर प्रयोग झाला. कोणाला दोन तासांनी, कोणाला तीन, कोणाला चार तासांनी वळवावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले होते. जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ रुग्णाला वळवू नये असा नाही, आणि साध्या गादीवरही चार तास चालतील असाही नाही. पुराव्याने केलेला नियम पुराव्यानेच सुधारावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी एक रूढी पाहा. शस्त्रक्रियेच्या आधी त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढणे ही स्वच्छतेची परमावधी समजली जाई. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वस्तरा लावलेल्यांपैकी शेकडा ५.६ जणांच्या जखमा चिघळल्या. ज्यांचे केस काढले नाहीत वा केस काढण्याचे औषध लावले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ०.६ होते. वस्तऱ्याने कातडीला बारीक ओरखडे पडतात व त्यांत जंतू शिरतात. म्हणजे जे स्वच्छतेसाठी केले तेच घाणीचे दार ठरले. १९७२ साली ब्रिटनमधील ब्रिग्ज समितीने, शुश्रूषेचा व्यवसाय संशोधनाच्या पायावर उभा राहिला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले ते अशा अनुभवांच्या जोरावर.

शेवटचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे आहे, आणि या साऱ्या इतिहासाचे ते सार आहे असे मला वाटते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. इस्पितळे दूर, रस्ते कठीण, गरिबी मोठी. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसे करावे, जन्मताच श्वास न घेतल्यास काय करावे, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावी व औषध कसे द्यावे, हे या आरोग्यदूत घरोघर जाऊन करू लागल्या. त्याच वेळी तशाच ४७ गावांत जन्ममृत्यूंची केवळ नोंद ठेवली गेली. तुलनेसाठी दुसरी बाजू हवी, हा व्हिएन्नाचा धडा येथे जाणूनबुजून गिरविला होता. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० नवजात बालके दगावली. आरोग्यदूतांच्या गावांत २५.५. वसंत ऋतू दोन्हीकडे सारखाच आला होता. म्हणून श्रेय कोणाचे हा प्रश्न येथे उरला नाही. २०११ साली भारत सरकारने नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला. फार न शिकलेल्या बाईच्या हातातील वजनकाटा आणि नोंदवही येथवर पोचली.

मग आपण नागरिकांनी यातून काय घ्यावे? आपण कोणी परिचारिका नसू, पण रुग्ण किंवा रुग्णाचे नातेवाईक प्रत्येकजण कधी ना कधी होतो. गावात इस्पितळ निघाले की आपण इमारतीचे उद्घाटन पाहावयास जातो, देणगीदारांच्या नावाची पाटी वाचतो. त्या इस्पितळात गेल्या वर्षी किती जणांच्या जखमा चिघळल्या, किती रुग्णांना अंथरुणातच पाठीला जखमा झाल्या, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ इस्पितळांच्या अभ्यासात दिसले की, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा महिन्याभरात दगावण्याचा संभव शेकडा ७ ने वाढतो. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. कारण आणि योगायोग यांचा निवाडा त्यात सावधपणेच केला पाहिजे. पण एवढ्यावरून प्रश्न विचारण्याचा हक्क तरी खास मिळतो.

उत्तर गैरसोयीचे आले तर विचारणाऱ्यावर रागावू नये आणि सांगणाऱ्यालाही दोष देऊ नये. वाईट आकडा प्रामाणिकपणे सांगणारे इस्पितळ, आकडाच न ठेवणाऱ्या इस्पितळापेक्षा रुग्णाच्या अधिक हिताचे असते. किंग्ज कॉलेजचा कक्ष बंद झाला म्हणून नाइटिंगेलबाईंची कीर्ती उणावली नाही. तो तसाच चालू राहिला असता, तर आणखी किती लेकरे आईवाचून राहिली असती, ते वहीत लिहिले गेले नसते एवढेच.